छाट

पहिलीच्या सदतीस मुलांत
सात्विका चिलवेरी सगळ्यांत गप्प.
'म' दाखवला की 'भ' म्हणते,
'भ' दाखवला की माझ्या तोंडाकडे बघते,
उत्तर तिथं लिहिल्यासारखं.

'मोठी झाली की येईल वाचायला,' हेडमास्तर म्हणाले.
मीही म्हटलं होतं असंच एकदा,
राजेशम बोल्लीबद्दल.
पाचवीतही तो नुसती चित्रं बघायचा,
मग यायचाच बंद झाला.
परवा अशोक चौकात दिसला,
टॉवेलचे गठ्ठे टेम्पोत चढवत होता.
'नमस्कार बाई,' म्हणाला,
आणि हळूच पावती पुढे केली.
मी वाचून दाखवली.

त्याच संध्याकाळी विडी घरकुलात गेले.
सात्विकाची आई सुपाशी बसलेली,
फडक्यात ओली पानं, कात्री चालूच.
'ब्रँचला रोज हजार नेते, बाई.
चेकर पन्नास-साठ बाजूला टाकतो. छाट.
त्याचे पैसे नाहीत.
माझी पोरगी छाट आहे का?
खरं सांगा की ओ.'

मला काही सुचेना.
तेवढ्यात उंबऱ्यावर मांजर आलं.
वर्गात 'मांजर'ला जुळणारा शब्द विचारला
तेव्हा ही पोर नखं खात होती.
इथं आपणहून म्हणाली, 'पिल्ली.'
मी म्हटलं, तसंच अजून?
भिंतीवर पाल होती. 'बल्ली.'
मग आईकडे बोट करून, खुदकन, 'तल्ली!'

म्हणजे कान जागेच होते.
मीच परक्या दारातून हाका मारत होते.

'ताई,' मी म्हटलं,
'पान ओलं असतं तेव्हाच वळतं ना?'
तिची कात्री पहिल्यांदा थांबली.

तेव्हापासून घंटेआधीची वीस मिनिटं आमची.
चेट्टु, दोन टाळ्या.
चादर, तीन.
ताटात वाळू, वाळूत बोट,
'म'चं पोट, 'भ'ची गाठ,
पुसायचं, पुन्हा.
काही दिवस नुसतीच वाळू.
गड्ड्याच्या जत्रेहून आली ती
निम्मं विसरून, हातात लाल भिंगरी.
मी चिडले. वर्गाबाहेर जाऊन
पाणी प्यायले, परत आले.
'भ' पासून.

आई सांगते, विड्या बांधताना
आता तीही टाळ्या वाजवते,
पंचवीसचा कट्टा राहतो अर्धा.

आज फळ्यावर 'भाकरी'.
बोट 'भा'खाली.
बाहेर मागांचा खडखडाट,
ओठ मिटतात, सुटतात, मिटतात.
दारातून कुणीतरी उत्तर पुटपुटतं,
मी डोळे वटारते.

घंटा होते.
होऊ दे.