पाव आटा

आत-बाशीच्या गॅरेजात, उणे वीसमध्ये,
सोरोनकुलने निवाचा मेंदू उपसून बाकावर ठेवला.
पाठ्यपुस्तकाएवढा डबा.
"ह्याला बिश्केकशिवाय कुणाचं कळत नाही," म्हणाला,
"आणि बिश्केक तीनशे मैल."

चारही इंजेक्टर काढले, भोकांना बुचं मारली.
टाकीतला पंपही बाहेर:
त्याचा तीन बारचा जोर
कार्बोरेटरच्या इवल्या सुईला सोसला नसता,
पेट्रोल नाकातोंडातून आलं असतं.
डिस्ट्रिब्युटर बापाच्या भंगारातल्या निवाचा.
सोलेक्स तीन रात्री रॉकेलात भिजलेला,
जेट एक नंबर बारीक,
कारण इथं हवाच पातळ.

चोक ओढला.
खोकला. काळा धूर. कुत्रं उठून लांब बसलं.

मग बुरुलचा आली, दुधाची बादली घेऊनच.
गाभण घोडीच्या पोटाला लावावा
तसा बॉनेटपाशी कान नेला.
"सैल कर. अजून. नाही, उलट. पाव आटा."
स्क्रू-ड्रायव्हर पाव आटा फिरला
आणि इंजिन खाली बसलं,
एका सुरात, रवंथ केल्यासारखं.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा
अजून पेटलेलाच आहे.
सोरोनकुल त्यावर टोपी अडकवतो.
तक्रार ऐकणारा
बाकावर पडलाय, त्याच्यावर चहाचा पेला.