नात्याचा रकाना

सिव्हिलच्या नऊ नंबर खिडकीपाशी
आठाच्या ठोक्याला एलियाकाका हजर.
खिशात दोन बॉलपेनं.
कन्नड टाइल फॅक्टरीत शिकलेली, मराठी घरचीच.
हलशीहून, जांबोटीहून, पार चंदगडकडून आलेली माणसं
फॉर्म उलटा धरून उभी असतात,
काका तो सुलटा करतात.
"नाव सांग बाय. सावकाश. लेकराचं वय?"

रविवारी उपदेश अर्ध्यावर आला की
मागचं बाक करकरतं.
पाळकसाहेब घड्याळ बघतात.
मीही बघतो.

गेल्या महिन्यात रिक्षावाल्यानं
नंदगडचा एक म्हातारा आणून सोडला.
पाय काळा पडलेला, सोबत एक पिशवी.
ऑपरेशनच्या कागदावर सही हवी,
आणि वर रकाना : रुग्णाशी नाते.
क्लार्कनं मान न उचलता विचारलं,
"यारू इल्लेनु?"
काकांनी लिहिलं : तम्म.
धाकटा भाऊ.
खाली सही, एलिया शमुवेल दाभाडे.
त्या दिवसापासून दोन डबे,
एक पथ्याचा, एक चोरून लोणच्याचा.

मी म्हटलं, काका,
'खोटी साक्ष देऊ नको,'
तुम्हीच पाठ करून घेतलंत ना,
संडेस्कूलात, बाकावर उभं करून?

काकांनी पेन झटकलं,
कानाशी नेऊन हलवलं.
"खोटं झालं असतं ना," म्हणाले,
"दुसऱ्या दिवशी गेलो नसतो तर."

मग माझ्याकडे वळून,
"पाच रुपये आहेत का सुटे?
याची शाई संपली,
आणि आज सोमवार.
गर्दी असणार."