चीक

आधी फक्त ठणका येतो,
खालच्या ओठाच्या डाव्या कडेला, मुंगी चावल्यासारखा.
दिसत काहीच नाही. आरसा मी बघत नाही,
मला कळलेलं असतं.
महापेची रात्रपाळी सलग पाच दिवस,
तुर्भे नाक्यावरचं परवाचं ऊन,
त्यात पाळी जवळ आलेली.
येणारच होता.

आई म्हणायची, कोळी मुतला.
मला खरंच वाटायचं, झोपेत एक कोळी भिंतीवरून उतरतो,
सगळ्या भावंडांत माझाच ओठ शोधतो
आणि उजाडायच्या आत जाळ्यात परत जातो.
मी पांघरूण नाकापर्यंत ओढून झोपायचे,
मे महिन्यातसुद्धा.

विश्राम पहाटे तीनला फळबाजारात जातो,
मी सहाला घरी येते.
आमची रात्र दुपारी असते,
कोपरखैरण्याच्या सिडकोच्या खोलीत पडदे लावून,
शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत.
त्याच्या अंगाला पेंढ्याचा वास.
लग्नाला सात महिने, दोघांचंही दुसरं.
सात महिन्यांत हा एकदाही आला नव्हता.
मला वाटलं, जुन्या घरातच राहिला,
त्या माणसापाशी, ज्यानं पहिल्यांदा बघून विचारलं होतं,
हे कुठून आणलंस?

दोन दुपारी डोकं दुखतंय म्हटलं.
तिसऱ्या दुपारी पाठ केली.
माझ्या पेल्याला नेलपॉलिशचा ठिपका लावला,
टॉवेल वेगळ्या दोरीवर.
डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
खपली पडून कातडी नीट होईपर्यंत तोंड कुठेच लावायचं नाही.
कुठेच, असं दोनदा म्हणाल्या. मी खाली बघितलं.
मग म्हणाल्या, तसा फोड नसतानाही लागू शकतो कधीकधी.
म्हणजे ते सात महिने.
म्हणजे त्या सगळ्या दुपारी.
रिक्षात मी एकेक आठवत बसले.

घरी तो जागाच होता. काय झालंय ओठाला?
काही नाही, आंब्याचा चीक लागला.

त्यानं हनुवटी धरून मला खिडकीशी नेलं,
पडदा सारला,
आणि आंबा बघतो तसं बघितलं, देठाकडून.
चिकानं करपतं, म्हणाला, काळं पडतं.
यात पाणी आहे.
पंचवीस वर्षं पेट्या फोडतोय मी.

मग सांगितलं. सगळं एका दमात, वाईट पद्धतीनं,
आधी डॉक्टरबाईंचं, मग आईचं,
तिलाही यायचा आणि शाळेत सोडताना
ती माझ्या तोंडाचाच पापा घ्यायची, फाटकासमोर, सगळ्यांदेखत.
तिथूनच आला असेल. नसेलही.
कोण मोजून देतं?

एक नासका आंबा अख्खी पेटी
असं तो म्हणाला नाही.
मला मात्र ऐकू आलं.

मला आधीच असेल तर?
असेल.
नसेल तर?
पंखा फिरत होता. शेजारी तिसरी शिट्टी झाली.
तुला द्यायचा नाहीये मला, मी म्हटलं,
आणि हे वाक्य इतकं लहान निघालं
की मला रडू आलं.

त्यानं मागून मानेवर कपाळ टेकलं, केसांखाली.
ओठ नाही, कपाळ.
बराच वेळ तसाच होता. झोपला असावा,
त्याला तीनला उठायचं होतं.

सकाळी आले तर पलंगाखाली एक पेटी,
वर मार्केटच्या जाड पेनानं लिहिलेलं:
बुधवारच्या आधी उघडू नये.

खपली सोमवारीच पडली.
मी बुधवारपर्यंत थांबले. तोही.
पेंढा सारला तर दोन आंबे काळे पडलेले,
ते त्यानं बाजूला काढले, बोलला नाही काही.
बाकीचे आम्ही जमिनीवर बसून खाल्ले, कोपरापर्यंत ओघळ.
नव्या कातडीला रस झोंबला.
झोंबतंय, मी त्याला लगेच सांगितलं.