पोटखराब

कागदावर नाव होतं : पर्यायी जागा क्रमांक दोन.
जतच्या पूर्वेला, बेळूरवाडीच्या वरचा माळ,
ज्याच्यापुढं आम्ही सातबाऱ्यावर
कायम 'पोटखराब' लिहीत आलो.

बंगळूरहून हेब्बार बाई आल्या.
पहिल्याच दिवशी कुसळांनी त्यांचे मोजे शिवून टाकले.
म्हणाल्या, यान उतरणार ते समुद्रातच.
पण समुद्राचा भरवसा काय?
लाटा उसळल्या तर वरच्या तिघांसाठी
कुठंतरी जमीन सांगून ठेवायला हवी.

जमीन सांगून ठेवायची!
मी भूमी अभिलेखचा मोजणीदार, आडनाव बाबर,
बांधावरून डोकी फुटताना पाहिलेला माणूस.
(नोकरीला मी प्रतीक्षा यादीतून लागलो,
माझ्या वरचा एक जण रेल्वेत गेला म्हणून.)
मला ते वाक्य आवडलं.

मग मोजत सुटलो.
चढ पाच अंशांच्या आत.
दगड घोट्याएवढा चालेल, गुडघ्याएवढा नाही.
उघड्या विहिरी अकरा, त्यांतल्या नऊंना कठडा नाही.
पवनचक्क्या सतरा.
त्या थांबवता येतात, निजवता येत नाहीत.
म्हणून अख्खं वर्तुळच पूर्वेला सरकवलं,
दोन किलोमीटर,
खोडरबरानं.

बिराप्पा शेंडगेला विचारलं,
सायरन झाल्यावर मेंढरं किती वेळात हलतील?
म्हणाला, हलतील की.
पण न्यायची कुठं? आभाळ नाही असं रान दाखवा.

ग्रामीण रुग्णालयात तीन खाटा राखून ठेवल्या.
चौथ्या खाटेवर विंचू चावलेली एक बाई होती,
ती रात्रभर त्या पांढऱ्या चादरींकडे बघत राहिली.
डॉक्टर सांगत होते, खाली आल्यावर
त्यांना उभं राहता येणार नाही,
स्वतःचं डोकंच जड वाटेल.
बिराप्पा म्हणाला, कोकरू बी आधी पडतंय,
मग उठतंय. धरायचं नसतंय त्याला.
डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

मधोमध फक्की मारायला गेलो
तर मुरमात टिटवीची चार अंडी.
खड्यांत खडे. पाय पडता पडता राहिला.
हेब्बार बाईंना म्हटलं, मध्य चाळीस पावलं हलवूया.
त्या म्हणाल्या, आता नाही. आकडे वर गेलेत.
मग अंड्यांभोवती मी फक्कीचं आणखी एक कडं केलं,
ताटाएवढं,
मोठ्या कड्याच्या पोटात.
बिराप्पानं सांगितलं, ही रात्री उताणी निजते,
पाय वर करून,
आभाळ पडलं तर झेलायला.
हेब्बार बाई हसल्या नाहीत.
एवढंच विचारलं, किती वजनापर्यंत?

त्या पहाटे आम्ही सगळे माळावर होतो.
दोन रुग्णवाहिका, तंबूत चहा, वायरलेसची खरखर.
पवनचक्क्या बंद,
तेव्हा कळलं की इतकी वर्षं आवाज त्यांचा होता.
तीन चाळीसला निरोप आला, समुद्र शांत आहे.
चार दहाला, छत्र्या उघडल्या.
चार एकोणीसला, पाण्यात आहेत, तिघंही बरे.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
माळावर टाळीला मागं यायला काही नसतं,
ती गेली ती गेलीच.
ड्रायव्हरनं रिकामं स्ट्रेचर परत आत सरकवलं
आणि टिटवी ओरडत उठली,
आमच्यावरच.

अहवालात रकाना होता : प्रत्यक्ष वापर.
मी लिहिलं, निरंक.
खाटा त्याच दुपारी भरल्या.
फक्की वाऱ्यानं नेली.
त्या नऊ विहिरींना मात्र कठडे झाले,
निधी आला होता, परत कोण पाठवणार?
गेल्या महिन्यात तिथं एका कठड्यावर
शाळेतली दोन पोरं पाय सोडून बसलेली दिसली,
चिंचा खात.

सातबाऱ्यावर अजून पोटखराबच.
वाटेत बिराप्पा भेटतो, मेंढरांच्या मागं.
त्यानं समुद्र कधी पाहिलेला नाही.
तरी पाऊसपाणी विचारायच्या आधी
वर बघून विचारतो,
काय सायेब, समुद्र कसा हाय आज?