दोन मार्सेली

तोरुनच्या थिएटरात मी सत्तावीस वर्षं मशीन चालवलं.
त्यातला एक हिवाळा नुसता पोस्टमन मार्सेलीचा:
दोन तास दहा मिनिटं, सात रिळं,
सहाव्याच्या शेवटाला पुलावर गोळी.
रोज तीन खेळ, रविवारी चार.
दोनशे बारा वेळा मीच त्याला मारला म्हणा ना,
हाताला ग्रीस, तोंडात काळा पाव.

तीच माणसं, तोच कॅमेरा, तोच बर्फ,
त्यातूनच टीव्हीसाठी नऊ भागही काढले होते.
एकाच ताग्यातून कोट आणि पडदे.
आधी काय बेतलं, कोण जाणे.
मालिका रविवारी रात्री आठला.
आठला मी केबिनमध्ये,
हाल्श्का शेजारच्या लुत्गार्दाकडे
काळ्यापांढऱ्या सेटसमोर, विणकाम घेऊन.

म्हणजे आमच्या घरात मार्सेली दोन.

रात्री बाराला बीटचं सार गरम करताना ती सांगायची:
आज त्याने सबंध भागभर सायकल दुरुस्त केली.
सबंध भागभर?
हो. आणि बहिणीशी भांडला, बटाट्यांवरून.
माझ्या सिनेमात त्याला बहीणच नव्हती.
माझा मार्सेली जिन्याला लागला की
पुढच्या क्षणी दार उघडलेलं.
तिचा एकेक पायरी चढायचा,
तिसऱ्या मजल्यावर दम खायचा,
पत्रावरचं नाव पुन्हा एकदा वाचायचा.

कोटावरून आमचं वाजलं एकदा.
मी म्हटलं निळा. ती म्हणाली राखाडी,
पाच आठवडे बघतेय, मला नको शिकवूस.

सिनेमाला ती कधी आलीच नाही. पास फुकट होते.
म्हणायची, ओळखीच्या माणसाला घाईत भेटू नये.
मला राग यायचा.
माझ्याकडे एक शब्द वाया जात नव्हता.
अंधारात चारशे माणसं मिळून श्वास धरायची,
गोळीनंतर कोणी खोकायचंसुद्धा नाही.
हे लुत्गार्दाच्या खोलीत कुठलं, जिथे
प्रेमपत्र ऐन रंगात असताना
कोळसा आहे का उसना, म्हणून कोणी दार वाजवतं?
शेवट मात्र मी तिला सांगितला नाही.
धंद्याचा नियम.

थिएटर बंद झालं. आता तिथे गाद्या विकतात.
मालिका पुन्हा लागली तेव्हा पहिल्यांदाच
मी रविवारी आठला घरी. सेट रंगीत.
कोट निळा निघाला. ती काही बोलली नाही,
मीही नाही.

सातव्या भागात पूल आला.
तोच कंदील, तेच पाय घसरणं.
माझा डावा हात सवयीने
पुढच्या रिळाकडे गेला; तिथे खुर्चीची दांडी.
गोळीचा आवाज.
तो पडला.
आणि उठला.
गुडघे झटकले, टोपी शोधली,
बर्फाला एक शिवी हासडली, चालू लागला.

पुढचे दोन भाग तो म्हातारा होत गेला.
टक्कल पडलं. कर्ज काढलं. खोटं बोलला.
बहिणीच्या मयताला उशिरा पोचला.
मी बघत राहिलो,
चुकून आपल्या खात्यात आलेले पैसे
कोणी गुपचूप मोजावेत तसा.

मालिका संपल्यावर ती म्हणाली,
तुझ्या सिनेमात काय होतं रे, पुलानंतर?
इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.
माझ्या खणात एक पत्र्याची डबी आहे.
रीळ एकदा तुटलं तेव्हा कापलेल्या चार चौकटी:
दिव्यासमोर धरल्या की बर्फावर आडवा निळा कोट.
तो मेलाय की आता उठणार,
चार चौकटींत कळत नाही.

म्हटलं, आमचं रीळ तिथेच तुटायचं गं, नेहमी.

दोनशे बारा वेळा? ती म्हणाली,
आणि सार वाढायला उठली.