चिपाडातून

बाटली तपकिरी काचेची.
आत जे आहे त्याला उजेड सोसत नाही.

रात्री अकराच्या खेपेला गाळून निघालं
तेव्हा पाण्यासारखं होतं.
मी बोटभर साध्या परीक्षानळीत काढून
खिडकीत ठेवलं, मुद्दाम, नव्या पोराला दाखवायला.
सकाळी पिवळं. दुपारी कोरा चहा.
चौथ्या दिवशी काकवी.
"आजारी पडलंय का हे?" विल्नेरनं विचारलं.
नाही रे. हवेशी बोलतंय.

नाव फुरफुराल.
लॅटिनमधला कोंडा लपलाय त्या नावात;
सुरुवातीला कुणीतरी कोंडाच उकळला होता आम्लात.
आम्ही उसाची चिपाडं उकळतो.
रस गेला, साखर गेली,
गोडी पोत्यांत बसून बंदरावरून बोटीत चढली,
आणि वरचे म्हणतात, बघा अजून काही निघतंय का.
निघतं.
कोंड्याचा मांडा म्हणतात तो हाच,
फक्त ताटात वाढायचा नाही.

एकशे बासष्टला उकळतं.
पाण्यात ओतलं की थोडं विरघळतं, बाकीचं तळाशी जाऊन बसतं.
दूरच्या रिफायनऱ्यांत वंगणतेल निवळायला जातं,
ओतशाळांत त्याची राळ होते, वाळूचा कण कणाला धरून ठेवते
वितळलेलं लोखंड आत येईपर्यंत.
साठ अंशांच्या आसपास त्याची वाफ ठिणगीची वाट बघते.
कातडीला दार समजतं.
हे सगळं लिहिलंय झडपेशेजारच्या तक्त्यावर, स्पॅनिशमध्ये.
झडपेवरच्या माणसाला स्पॅनिश बोलता येतं,
वाचता येत नाही.

तो माणूस ओस्नेल. माझा बाप.
हैतीहून आला तेव्हा सतरा वर्षांचा;
सव्वीस हंगाम ऊस तोडला, गुडघे संपले,
मग मुकादमानं दया म्हणून आत घेतलं.
पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाला,
युदेल्का, तिथे बदामाचा वास येतो,
आईच्या भट्टीतल्या पावासारखा.
इतक्या चांगल्या वासाचं काय वाईट असणार?
तिसऱ्या महिन्यात म्हणाला, आता वास येत नाही,
बहुतेक गळती दुरुस्त केली.

गळती तशीच होती. नाक थकलं होतं.

रविवारी मी प्रयोगशाळेतल्या पट्ट्या घरी आणल्या,
ॲनिलिन ॲसिटेटमध्ये बुडवलेल्या,
ओल्याच, डब्यात बंद करून.
हा पदार्थ भेटला की त्या लाल होतात, खोटं बोलत नाहीत.
आधी त्याच्या रमच्या पेल्यात एक बुडवली:
लाजल्यासारखी गुलाबी झाली.
"बघ!" बाप हसला. "पिंपातसुद्धा आहे. मग काय रम सोडू?"
पावाचा करपलेला कड कुस्करून बघितला. जेमतेम काही.
एवढ्यानं कुणी मरत नाही, बाबा, मी म्हणाले,
आणि त्याचा हातमोजा उलटा केला.
आतली बाजू.
जिथे बोटं असतात.

पट्टी टेकते न टेकते तोच
गुलमोहर.

तो काही बोलला नाही.
एकेक बोट आत ढकलून मोजा सुलटा केला,
जसा मी लहान असताना माझा पायमोजा करायचा.
उद्या नवे मागते, मी म्हणाले.
गेल्या जूनमध्येही मागितले होते,
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आईनं सांकोचो वाढला. कोंबडी, रताळी, हिरवी केळी.
त्यानं चमचा तोंडात धरून ठेवला बराच वेळ,
जणू आत कुणी दार उघडेल.
जीभ बधिर आहे जरा, म्हणाला, झोप नाही झाली नीट.

मीठ दे.

मी तिसऱ्यांदा दिलं.