जमिनीवरचं दान

दर गुरुवारी, साडेसहाला,
खलाशांच्या मिशनच्या माडीवर
आम्ही दोन टेबलं जोडतो, हिरवं कापड अंथरतो,
आणि ग्रिम्सबीची गोदी खिडकीबाहेर ठेवून
दुसरीच एक गोदी मांडतो :
मासळीच्या खोक्यांच्या फळ्यांचा धक्का,
थर्माकोलचे खडक,
फुटक्या आरशाचं पाणी.

टोळी सहा जणांची.
बोटाच्या पेराएवढी माणसं, शिशाची,
खिशात ठेवली तर मांडीला गार लागणारी.

पूर्वी नायक ज्याचा त्याने निवडायचा.
मग काय, प्रत्येकाचा नायक एकच :
टोपीत पीस, तलवारीला सोनेरी मूठ,
एक पाय पिंपावर,
आणि तीन रात्री जागून रंगवलेल्या मिशा.
उरलेले पाच नुसते मरायला.

विल्फ ऑस्गर्बीने ते मोडून काढलं.
आता प्रत्येकाच्या बुडाखाली पेन्सिलने आकडा,
तंबाखूच्या जुन्या डबीत फासा.
ज्याचं दान पडेल त्याच्या हाती टोळी.
वशिला नाही. मिशा नाहीत.

त्या दिवशी माझ्या वाट्याला कारकून आला :
कानावर लेखणी, काखेत वही,
कमरेला साधी सुरीसुद्धा नाही.
मी हसलो. दुसरं करणार काय.

मग टॅम्सिनने डबी हलवली. चौदा वर्षांची पोर,
नखांना अजून निळा रंग चिकटलेला.
फासा उसळला, काठावरून गेला,
रेडिएटरखाली धुळीत जाऊन थांबला.
ती पालथी पडून ओरडली : दोन! दोन!
दोन म्हणजे तिचा कप्तान,
ज्याच्या कोटाची बटणंसुद्धा तिने मोजून रंगवली होती.

विल्फ म्हणाला, जमिनीवरचं दान धरत नाहीत.

पुन्हा टाकला. पाच.
पाच म्हणजे बादलीवाली बाई,
अंगावर राखाडी अस्तराचा एकच हात,
तोंड अजून कोरं.
हिला तर डोळेच नाहीत, टॅम्सिन म्हणाली,
आणि तिला धक्क्यावर सर्वांच्या पुढे उभं केलं.

कारकून विरुद्ध बादली.
अशी लढाई कुठल्या बखरीत नसेल.
चौथ्या फेरीला कुणाची तरी गोळी
कारकुनाच्या वहीतून आरपार गेली.
नायक पडला की छाती तपासायची, असा नियम;
मी फासा टाकला, एक आला,
आणि माझे पाचही जण
आरशावरून, स्वतःच्याच तळपायांवर पाय देत, पळाले.
बाईने काही केलं नव्हतं.
ती बादली धरून होती, एवढंच.

चहा ओतताना टॅम्सिनने विचारलं,
हे असं निवडायचं तुला सुचलं कसं?

विल्फ कपाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, आइसलंडच्या वर. जानेवारी.
कप्तानाच्या छातीत कळ आली, तो गेला.
त्याच्या खालचा लाटेने आधीच नेलेला.
राहिलो आम्ही सात, सगळे सारखेच अडाणी.
काड्या काढल्या. आखूड काडी माझी.
एकोणीस वर्षांचा होतो.

मग?

मग दोन तास बोट उलट्या दिशेला हाकली.
माझ्यापेक्षा वीस वर्षं जुने लोक होते डेकवर,
त्यांना कळत होतं.
कुणी चकार शब्द काढला नाही.
कप्तान ना मी.

रेडिएटर खडखडला.
टॅम्सिनने बादलीवालीला उचललं,
फोमच्या खाचेत ठेवता ठेवता
अंगठ्याने तिचं कोरं तोंड पुसलं,
जणू तिथे काही लागलं होतं.

विल्फने फासा डबीत टाकला, झाकण दाबलं.
ते बसेना, पुन्हा दाबलं.

काडी माझ्या हातातून सटकली होती, तो म्हणाला.
डेकवर पडली. बर्फात.
दोघं म्हणाले, परत काढू.
बाकीच्यांना थंडी वाजत होती.

आम्ही धरली.